नापास जेट

झुंबरराव पगारेंचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सातपूरच्या त्या कॉलनीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. विहाराच्या मागच्या गल्लीत घर, घराला चिकटून पत्र्याची शेड, आणि शेडीत सकाळी आठच्या ठोक्याला हे हजर. कारखान्याचा भोंगा आता यांच्यासाठी वाजत नाही, पण सवय कुठं जाते! चौतीस वर्षं एका इंजिनिअरिंग कारखान्यात इन्स्पेक्शनला काढली. पुढ्यात आलेला तुकडा मापायचा आणि पास की नापास ते सांगायचं, एवढंच काम. घरीही तेच चालू. फुलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, हौसेनं नवी कढई आणली तर तिच्या बुडाची जाडी मापून ती दुकानात परत पाठवणारा हा माणूस.

रिटायर झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात, झुंबरराव जुने कार्बोरेटर खेळवायला लागले. पंपाचे, जनरेटरचे, मोटरसायकलींचे, आणि नशीब उघडलं तर एखाद्या विलायती बागेच्या ट्रॅक्टरचा. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचं स्वयंपाकघर. हवा किती, पेट्रोल किती, ते तिथं ठरतं. मीठ कमीजास्त झालं की इंजिन ताट ढकलून देतं. आणि या स्वयंपाकात झुंबररावांचा हात धरणारा नाशकात कोणी नाही, असं लोक म्हणत. झुंबररावांचंही तेच मत होतं.

तर जूनअखेरच्या एका सकाळी लताबाई शेडीच्या दारात उभ्या राहिल्या. इगतपुरीपलीकडच्या खेड्यातून एसटीनं आलेल्या. वय पंचावन्नच्या आसपास, डावा पाय खुब्यातून आखडलेला, हातात पोळ्यांचा स्टीलचा डबा. डबा उघडला तर आत पोळ्या नाहीत, लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला कार्बोरेटर!

"धरणाच्या सायबांचे बंगले व्हते आमच्याकडं," त्या म्हणाल्या. "तिथं बागेत बुटका विलायती ट्रॅक्टर व्हता, गवत कापायचा. आमचे मालक तिथं माळी. बंगले मोडले तव्हा लिलावात घेतला त्यांनी. ते गेल्यापासनं मीच चालवते. पर हा आता नुसता पेट्रोल गाळतोय, भाऊ. इंजिन धरतच नाय."

झुंबररावांचा चेहरा खुलला. कंपनीचा बिल्ला केव्हाच गळून पडला होता, म्हणजे कुठला, कुठल्या सालचा, ते सांगणारं काही नाही. त्यांना हेच तर हवं असतं. आधी ब्रशनं पेट्रोलनं आंघोळ घातली. मग अंगावरून खडू आडवा फिरवला, तशी झिजून सपाट झालेली अक्षरं पांढरी होऊन वर आली: दोन अक्षरं, चार आकडे. कॅलिपरनं तोंडाचा व्यास घेतला, बोल्टाच्या दोन भोकांमधलं अंतर घेतलं, आणि झेरॉक्स काढून शिवलेलं एक जाडजूड पुस्तक मांडीवर ओढलं. दहा मिनिटं फक्त पानांचा आवाज.

"सापडला!" ते ओरडले. "चौसष्ट सालचा! बाई, तुमच्या डब्यात काय आहे माहीत आहे का? अहो, असा मी फक्त चित्रात बघितला होता. फुला, चहा टाक!"

चहा येईपर्यंत त्यांनी खालची, पेट्रोल साठायची वाटी उघडली, आणि तिथंच बिनसलं. वाटी आणि अंगाच्या मधलं, गळू नये म्हणून घालतात ते गॅस्केट लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून केलेलं. त्यावर 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' इतकं अजून वाचता येत होतं. वाटीच्या कडेला, वरच्या अंगाला, कोणीतरी एक जादा भोक पाडलेलं. आणि जेट, म्हणजे ज्यातून पेट्रोल मोजून इंजिनाकडं जातं तो बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा, त्याचं भोक कोरून मोठं केलेलं.

"कोणत्या गाढवानं हात घातलाय याला?"

"हाय एक," लताबाई म्हणाल्या.

"त्याला सांगा, बाबा, तू सायकलीची पंक्चरं काढ! साठ वर्षं जुना माल, आणि हा कोण टिकोजीराव त्याला भोकं पाडणार?"

"इतकं वाईट केलंय का, भाऊ?"

"वाईट? बाई, हा गुन्हा आहे, गुन्हा!"

"बरं," लताबाई म्हणाल्या आणि बशीत चहा ओतला.

चहा पिता पिता त्यांनी आपली अडचण सांगितली. भाताची पाच खाचरं, डोंगराच्या उतरणीला. बांध अरुंद, मोठा ट्रॅक्टर आत शिरत नाही. हातानं धरायच्या टिलरमागं चिखलातून चालायचं तर पाय साथ देत नाही. बसून चालवायचा हा बुटकाच काय तो त्यांच्या कामाचा. दुसऱ्याचा टिलर मिळतो, पण आधी तो आपली शेतं करणार, मग यांची. मागच्या वर्षी तसंच झालं. रोप चाळीस दिवसांचं होऊन बसलं आणि भात निम्मंही आलं नाही. तेव्हा पुतण्या सोमनाथ म्हणाला, काकू, जमीन मी करतो, तुला वाटा देतो, कशाला जिवाचे हाल करतेस? लताबाईंनी चार माणसांत कबूल केलं होतं: यंदा रोप पंचवीस दिवसांच्या आत लावलं नाही तर जमीन सोमनाथनं करायची. आज रोप बारा दिवसांचं होतं.

"आठ-नऊ दिवसांत देतो," झुंबरराव म्हणाले. "मी स्वतः येऊन बसवून देतो."

आता, माणूस तोंडाचा फटकळ असला तरी हाताचा सच्चा होता, हे सांगायलाच हवं. फ्लोट म्हणजे वाटीत तरंगणारा पितळी फुगा. तो त्यांनी गरम पाण्यात बुडवला आणि श्वास रोखून पाहत राहिले. जोडावरून एक बारीक बुडबुडा सुटला. केसाएवढी चीर! त्यातून पेट्रोल आत जायचं, फुगा बुडायचा आणि सगळं ओसंडायचं. चीर त्यांनी इतक्या थोड्या कथलात बुजवली की आधीचं वजन आणि नंतरचं वजन सोन्याच्या काट्यावर सारखं आलं. झिजलेल्या दांडीला नवा बुश, म्हणजे बारीकशी पितळी नळी, करून बसवला. वाटीचं जादा भोक बुजवून, घासून, असं नाहीसं केलं की बोट फिरवून कळू नये. पत्रिका काढली, शुद्ध गॅस्केट कापलं. लेथवर पुस्तकातल्या मापाचा नवा जेट केला. खरोखर देखणं काम होतं ते.

आणि जुना जेट? त्याचं त्यांनी तेच केलं जे चौतीस वर्षं केलं. आधी पिन गेज, म्हणजे मापाची बारीक सळई, घालून माप घेतलं, नोंदवहीत लिहिलं: 'हवं ०.८५, आहे ०.९६, भोक निमुळतं, नापास.' मग त्यावर तांबड्या रंगाचा ठिपका दिला. मग ऐरणीवर ठेवून छिन्नीचा एक घाव. इन्स्पेक्शनवाल्यांचा धर्मच तो. नापास माल चुकूनही परत लायनीवर जाता कामा नये, म्हणून तो कामातून घालवायचा. जेटाचे दोन तुकडे भंगाराच्या डब्यात पडले आणि झुंबरराव हात धुऊन जेवायला गेले.

रोपाच्या एकविसाव्या दिवशी ते लताबाईंच्या खाचराच्या बांधावर पोचले. तिकडं पाऊस लागलेला होताच, खाचरात घोट्याच्या वर पाणी. पडवीत तो ट्रॅक्टर उभा होता, कमरेएवढा उंच, चिखलणीची लोखंडी चाकं लावलेला. झुंबररावांनी कार्बोरेटर बसवला, दोरी गुंडाळून एक हिसका दिला, आणि इंजिन पहिल्याच हिसक्याला सुरू! थेंब गळत नाही, धूर नाही. झुंबररावांनी मोबाइलवर व्हिडिओसुद्धा काढला. सोमनाथ बघायला आला होता, तोही म्हणाला, "वा मिस्त्री!"

लताबाई मात्र कान तिरका करून ऐकत राहिल्या. मग वर चढून बसल्या आणि ट्रॅक्टर खाचरात घातला. दहा पावलं गेला असेल. चाकं चिखलात रुतून जोर मागायला लागली, इंजिन दोनदा शिंकलं आणि बंद पडलं.

पुन्हा दोरी. पुन्हा सुरू. पुन्हा दहा पावलं, पुन्हा शिंक, पुन्हा बंद. झुंबररावांनी स्क्रू इकडं फिरवला, तिकडं फिरवला. चौथ्यांदा तर चिखलाचा एक शिंतोडा नेमका वाटीच्या हवेच्या भोकावर बसला, हवा कोंडली, पेट्रोल उतरेना, आणि दोरी ओढून ओढून त्यांचा खांदा भरून आला. पुस्तकाप्रमाणं सगळं बरोबर होतं. एक सूत इकडंतिकडं नव्हतं. मग हे असं का?

लताबाईंनी खाली उतरून प्लग काढला आणि त्यांच्यापुढं धरला. "पांढरा पडलाय बघा. उपाशी हाय त्यो. भाकरीचा पापुद्रा भाजल्यावर जसा रंग येतो तसा पायजे." मग त्या सहज म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ. माझा जुना जेट आणलाय ना? तोच बसवा."

झुंबररावांना वाटलं, जमीन फाटावी आणि आपण ट्रॅक्टरसकट आत जावं. खोटं बोलता आलं असतं. घरी राहिला, हरवला, काहीही. पण चौतीस वर्षांत खोटी नोंद केलेली नव्हती.

"तो मी फोडला," ते म्हणाले. "रिजेक्ट म्हणून. छिन्नीनं."

लताबाई बांधावर बसल्या. मग म्हणाल्या, "तीन पावसाळे लागले मला त्याला."

"तुम्हाला?"

"मग कुणाला? मालक गेले तव्हा इंजिन चांगलं चालत व्हतं. मग पेट्रोलच बदललं. वास निराळा, जोर कमी. चिखलात शिंकाया लागलं. मी शिलाई मशीनची मोडकी सुई घेतली, दगडावर घासून चपटी केली, आणि चिमटीत धरून जेटात फिरवली. एका साली थोडं, दुसऱ्या साली आणिक थोडं. जास्ती झालं तर धूर मारील, मग भोक परत लहान करता येत नाय ना. म्हणून भीत भीत. आतनं निमुळतं ठेवलं, म्हंजी हळू चालताना जास्ती पिऊ नये. आणि ते वाटीचं भोक, ते चिखल उडतो म्हणून पाडलं. एक बुजलं तर दुसऱ्यातनं हवा जाती."

झुंबरराव ऐकत होते आणि कान तापत होते. चौसष्ट सालच्या पुस्तकात आजचं पेट्रोल नव्हतं. त्यात इथेनॉल मिसळलेलं असतं, पंपावर तसं लिहिलेलंच असतं. इंजिनाला ते जास्त द्यावं लागतं, हे झुंबररावांना चांगलं माहीत होतं. आणि पुस्तकात साहेबाच्या बंगल्याची हिरवळ होती, खाचराचा चिखल नव्हता. हे सगळं या बाईनं कानानं ऐकलं, प्लगच्या रंगावरून वाचलं आणि मोडक्या सुईनं दुरुस्त केलं. आपण तिच्याच तोंडावर तिला गाढव म्हणालो, आणि वर चहा पाजला.

"तुम्ही सांगितलं का नाही, ताई?" झुंबररावांनी विचारलं.

"मागं एका मिस्त्रीला सांगितलं व्हतं. तो हसला आणि म्हणाला, बायकांनी हात लावलेली मशीन मी घेत नाय. तुम्हाला सांगितलं असतं आणि तुम्ही फ्लोट जोडला नसता तर? ते मला येत नाय." लताबाईंनी पदरानं हात पुसले. "आता चार दिस हायेत. तीन पावसाळे नायेत."

झुंबरराव उठले. "उद्या सकाळी येतो," एवढंच म्हणाले.

घरी त्यांनी फुलाबाईंना सगळं सांगितलं. "माझी कढई छिन्नीतून वाचली म्हणायची," फुलाबाई म्हणाल्या, आणि मग नवऱ्याचा चेहरा बघून चहा टाकायला उठल्या. झुंबररावांनी नोंदवही उघडली. नापास म्हणून का होईना, माप लिहिलेलं होतं. त्यावरून त्यांनी पितळेचे चार जेट केले, भोक मुद्दाम किंचित लहान ठेवून. वाटीचं बुजवलेलं भोक स्वतःच्या हातानं पुन्हा पाडलं. आपलं देखणं काम आपणच मोडताना त्यांना वाईट वाटलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे बाविसाव्या, बांधावर गोणपाट टाकून दोघं बसले. पहिला जेट वहीतल्या मापाला आणून बसवला. इंजिननं दोन खाचरांचा वरचा भाग ओढला, पण खालच्या कोपऱ्यात, जिथं चिखल मांडीएवढा, तिथं पुन्हा शिंकलं.

"माप तेच आहे," झुंबरराव म्हणाले.

"वरचं तेच हाय. आतली निमुळती बाजू नाय आली," लताबाई म्हणाल्या. "द्या इकडं."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून सुई काढली. झुंबररावांनी जेट पकडीत धरला. सुई चिमटीत फिरली, एकदा, दीडदा. पितळेची भुकटी त्यांनी फुंकरीनं उडवली, जेट बसवला, खाचरात गेल्या, परत आल्या. "अजून." अर्धा फेरा. पुन्हा खाचर, पुन्हा प्लग. झुंबररावांनी न राहवून मधे पिन गेज घातला, तर फरक इतका बारीक की गेजला कळेना. लताबाईंना कळत होता. "आता फेराबी नको," त्या म्हणाल्या, "नुसती टेकवते." चौतीस वर्षांत झुंबररावांनी जर्मनीहून आलेली मशीनं बघितली होती, पण असा हात बघितला नव्हता, आणि हे त्यांनी तिथंच बोलून दाखवलं. "ताई, तुमचा हात सोन्याचा आहे."

"गप बसा, मोजणी चुकते," लताबाई म्हणाल्या.

सातव्यांदा ट्रॅक्टर खालच्या कोपऱ्यात शिरला. चाकं रुतली. इंजिन क्षणभर दबलं, आणि मग त्यानं असा खणखणीत आवाज धरला की बांधावरचे बगळे उडाले. लताबाई थांबल्याच नाहीत. आखडलेला पाय एका बाजूला टाकून, एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यानं पदर खोचत, त्यांनी तो कोपरा फिरवला, ते खाचर संपवलं, बांधावरून दुसऱ्यात उतरल्या. दुपारी भाकरी खायला म्हणून उतरल्या आणि उभ्या उभ्या खाल्ली. दिवस मावळायच्या आत पाचही खाचरं लोण्यासारखी झाली होती. झुंबरराव दिवसभर बांधावर उभे राहून बघत होते. त्यांना पाणी प्यायचंही सुचलं नाही.

सोमनाथ आला तेव्हा लताबाई हातपंपापाशी पाय धूत होत्या. त्यानं पाच खाचरांवर नजर टाकली, मोठा श्वास सोडला आणि झुंबररावांकडं वळला. "मिस्त्री, मानलं तुम्हाला! काल बंद पडलेलं आज एका दमात चालवलंत."

"मी नाही चालवलं," झुंबरराव म्हणाले. "फ्लोट माझा, म्हणून पेट्रोल गळत नाही. पण खाचरांचा चिखल झाला तो जेटामुळं, आणि जेट तुझ्या काकूनं केलाय. पहिलाही तिनंच केला होता. मी तो अडाण्यासारखा फोडला."

सोमनाथ हसला. "काय मिस्त्री, मस्करी करता!"

झालं! झुंबररावांचा राग उसळला. "अरे, मी चौतीस वर्षं पास-नापास करत आलोय! माझ्या बापाचंही काम असतं तरी मापल्याशिवाय पास केलं नसतं. या बाईचं काम मी आज गेजाशिवाय पास करतोय, कारण माझा गेज तिथवर पोचत नाही. आणि तुला मस्करी वाटते?"

सोमनाथचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यानं ट्रॅक्टरकडं बघितलं, मग काकूकडं, तिच्या चिमटीला लागलेल्या पिवळ्या भुकटीकडं. वर्षानुवर्षं रोज समोर असलेलं माणूस पहिल्यांदा दिसावं तसा तो बघत राहिला. लताबाई खाली मान घालून पाय धूतच होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते, हे फक्त झुंबररावांना दिसलं.

मग सोमनाथ म्हणाला, "काकू, माझ्या पंपाचं इंजिन आठ दिस झाले धूर मारतंय. जरा बघशील का?"

लताबाईंनी पाय पुसले, पदर नीट केला.

"बघते की," त्या म्हणाल्या. "उद्या घेऊन ये, आणि येताना आवणीला, रोप लावायला, चार बाया सांगून ये. पर जमिनीचं परत बोलायचं नाय."

"नाय बोलत," सोमनाथ म्हणाला.